निरोपाची फेरी: सड्यावरच्या उद्यानगाडीच्या शेवटच्या रविवारचं प्रकरण

सकाळी 9:50 ला, दिवसाच्या तिसऱ्या फेरीत, गाडी चढावर अडकली. इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत होती. चार डब्यांत 64 माणसं बसलेली होती आणि स्टेशनावर आणखी चारेकशे जण टोकन हातात धरून उभे होते. फाटकावरच्या फलकावर ‘शेवटचा रविवार, शेवटची फेरी’ असं लिहिलेलं. हीच गाडी हाच चढ चौदा वर्षं चढत आली होती. मग त्याच दिवशी काय बिनसलं, आणि उरलेल्या हजारभर माणसांना कसं फिरवलं, त्याची ही मांडणी. उद्यान आणि त्यातले आकडे अभ्यासासाठी रचलेले आहेत; बिघाड, त्यांची कारणं आणि हिशेबाची रीत मात्र किनाऱ्यावरच्या अशा कुठल्याही लहान गाडीला लागू पडते.

गाडी आणि वाट

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, 1,150 मीटरचा बंद फेरा. गेज (दोन रुळांमधलं अंतर) 610 मिमी, म्हणजे नेरळ–माथेरान गाडीचंच. रूळ हलका, मीटरला 15 किलोचा, 6 मीटरच्या तुकड्यांत फिशप्लेटने, म्हणजे सांध्याच्या लोखंडी पट्टीने, जोडलेला. रुळांखालचे आडवे स्लीपर लोखंडी चॅनलचे. इंजिन दिसायला वाफेचं, पत्र्याचं धुराडं आणि पितळी घंटा. आत ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही एक्सलना साखळी. इंजिनाचं वजन साडेचार टन. रिकामा डबा 1.1 टनाचा, दोन एक्सलचा, सोळा जणांचा. ब्रेक फक्त इंजिनाला. प्रत्येक डब्याला हाताने फिरवायचा स्क्रू-ब्रेक होता खरा, पण चारांपैकी दोन गंजून जाम झाले होते आणि उरलेले दोन वर्षभर कोणी फिरवलेले नव्हते.

वाट अशी: स्टेशन सोडलं की 120 मीटर सपाट, मग 140 मीटर 1:40 चा (40 मीटरला 1 मीटर) चढ, पुढे सड्याच्या माथ्यावरून समुद्र बघत बघत सुरूच्या बनात, बनातून तेवढाच उतार, आणि उताराच्या पायथ्याशी लगेच 25 मीटर त्रिज्येचं वळण. इथे रूळ एका घळीला वळसा घालतो. त्यामुळे बाकी सगळीकडे फेऱ्याच्या बाहेर असलेला समुद्र या एका वळणावर आतल्या अंगाला येतो. उद्यानातलं सर्वांत देखणं ठिकाण हेच, आणि सर्वांत नाजूकही.

गाडी बंद करायचं कारण एकच नव्हतं. खारं वारं रूळ माथ्याकडून खात नाही. माथ्यावर चाकं फिरतात, तो चकचकीत राहतो. गंज खातो तो रुळाचा पाया, जिथे तो क्लिपखाली स्लीपरला टेकतो, कारण तिथे ओल अडकते आणि पुसली जात नाही. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. क्लिप काढली की पापुद्रे हातात येतात. या फेऱ्यात जवळपास 300 मीटर रूळ असा झाला होता. त्यात 2021 च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळात वळणावर दोन सुरू आडवे झाले, रूळ वाकले आणि ते न तापवता ठोकूनच सरळ केले गेले. (बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली वनराणी ही छोटी गाडी याच वादळाने थांबवली.) घळीच्या कडेचा जांभ्याचा गडगा (दगडी बांध) दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली सरकत होता. एवढं सगळं नव्याने करायचं तर नवी गाडी घेण्याइतका खर्च. म्हणून मेअखेर शेवट ठरला, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येणार आणि त्या पावसानंतर या वाटेवर माणसं नेणं कोणालाच परवडलं नसतं.

निरोप कायमचा आहे की तात्पुरता, हे फलकावर स्पष्ट लिहिणं महत्त्वाचं, कारण गर्दीची जात त्यावर ठरते. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडची 1955 पासूनची गाडी 2016 च्या जानेवारीत थांबवली आणि नव्या विभागाचं बांधकाम मार्गी लागल्यावर 2017 च्या जुलैत पुन्हा सुरू केली. तिथे निरोप द्यायला आलेल्याला पुन्हा बसायची आशा होती. इथे नव्हती. शिवाय मे महिना, म्हणजे गावोगावी चाकरमानी आलेले. लहानपणी या गाडीत बसलेली पोरं आता स्वतःची पोरं घेऊन येणार, हे व्यवस्थापनाने बरोबर ओळखलं. चुकलं ते त्यावरून मांडलेलं गणित.

आखणी कुठे फसली

मूळ बेत साधा होता. चार डबे, 64 जागा, वीस मिनिटांना एक फेरी, सकाळी 9 ते 12 आणि दुपारी 3:30 ते 6:30. सहा तासांत 18 फेऱ्या, म्हणजे 1,152 माणसं. तेवढी टोकनं आठवडाभर आधीच वाटून झाली. हा बेत करताना गाडी किती माणसं बसवू शकते एवढंच पाहिलं गेलं. रोजच्या दिवशी ही गाडी कधीच भरून धावत नव्हती. एरवी दोन डब्यांइतकी माणसं चार डब्यांत पसरून बसायची आणि दिवसाला सहा-सात फेऱ्या व्हायच्या. म्हणजे जिला आता झेपत नाही म्हणून घरी पाठवायचं, तिच्यावर शेवटच्या दिवशी आयुष्यातलं सर्वांत जास्त ओझं टाकायचं ठरलं. निरोपाच्या बहुतेक आखण्या इथेच घसरतात.

वाटेची तपासणी मात्र दोन आठवडे आधी नीट झाली, आणि त्या कामाला पुरे गुण दिले पाहिजेत. फिटरने अर्धा किलोची हातोडी घेऊन सगळा फेरा पायी काढला. क्लिपजवळ रुळाच्या पायावर ठोकायचं. शाबूत रूळ खणकतो, खाल्लेला बदबद वाजतो. बदबद वाजलेल्या प्रत्येक जागी चुन्याचा पट्टा. मग गेजपट्टीने दर दोन मीटरवर अंतर. घळीच्या वळणावर एका जागी 610 च्या ऐवजी 619 मिमी भरलं. याचं कारण खडीत होतं. मूळ कंत्राटात तिथे काळ्या दगडाच्या खडीऐवजी जांभ्याची खडी टाकली होती, कारण ती जागेवरच मिळत होती. जांभा पावसात विरघळल्यासारखा होतो. चाकांच्या दाबाखाली त्याचा तांबडा चिखल होतो, उन्हात तो चिखल वाळून स्लीपरखाली पोकळी राहते, आणि गाडी गेली की स्लीपर खालीवर हलतो. हलणाऱ्या स्लीपरच्या क्लिपा सैल होतात, बाहेरचा रूळ बाहेर सरकतो.

दुरुस्ती शेवटच्या दिवसापुरतीच करायची होती, पण ती पुरेशी झाली. वळणाच्या 18 मीटरांत तांबडा थर उकरून 15 सेंमी जाडीची काळी खडी भरली. दीड ब्रास मागवली, सव्वा लागली. प्रत्येक दुसऱ्या स्लीपरजवळ दोन्ही रुळांना बांधणारा गेज टाय-रॉड, नट घट्ट करून अंतर 612 वर आणलं. याच वेळी रुळांच्या सांध्यांतल्या फटीही साफ केल्या. 6 मीटरचा रूळ 30 अंशांनी तापला तर जेमतेम 2 मिमी वाढतो, पण ती 2 मिमीची फट गंजाच्या भुकटीने भरलेली असेल तर मेच्या दुपारी रुळाला वाढायला जागा उरत नाही आणि तो वळणावर बाहेर ढकलला जातो. करवतीचं जुनं पातं फटीत घालून भुकटी खरवडली, सांध्याचे बोल्ट सैल करून, ग्रीस लावून पुन्हा आवळले.

डब्यांच्या हातब्रेककडे मात्र कोणी बघितलं नाही. ‘आता एका दिवसासाठी कशाला’ हे वाक्य निरोपाच्या कामांत फार वेळा ऐकू येतं.

फुलं, गाऱ्हाणं आणि तिसरी फेरी

रविवारी सकाळी साडेआठला इंजिनाला झेंडूचे हार चढले, बफरला आंब्याच्या टाळांचं तोरण लागलं. गावकाराने गाऱ्हाणं घातलं. ‘बा देवा म्हाराजा...’ पासून ‘आज ह्या गाडयेची शेवटची फेरी आसा, ती सुखरूप परत येवंदे’ पर्यंत सगळं यथासांग, आणि दर वाक्याला जमलेल्यांचं ‘व्हय म्हाराजा’. नारळ इंजिनापुढे, थेट रुळावरच फुटला. मग पाकळ्या उधळल्या गेल्या, त्या सपाटीपासून चढाच्या सुरुवातीपर्यंत दोन्ही रुळांवर पडल्या. पुढे हारही वाऱ्याने तुटत गेले.

पहिली फेरी बिनघोर झाली. ताजी पाकळी चाकाखाली आली तरी लगेच काही होत नाही. पण गाडीला इंजिनाचे दोन आणि डब्यांचे आठ, असे दहा एक्सल. एका फेरीत प्रत्येक पाकळी दहादा भरडली जाते. झेंडूचा लगदा, खोबऱ्याचे कण आणि त्यातलं तेल, त्यावर समुद्रावरून येणारी सकाळची ओल. दुसऱ्या फेरीला रुळाच्या माथ्यावर तपकिरी, काचेसारखा थर तयार झाला. बोटाने पुसला तर निघत नाही, नखाने खरवडला तर वळकटी येते. दुसऱ्या फेरीत चाक दोनदा घसरलं आणि पकडलं. ड्रायव्हरने तसं सांगितलंही, पण रांग मोठी होती.

तिसऱ्या फेरीत चढाच्या साठाव्या मीटरला चाकं सुटली. ड्रायव्हरने रेस वाढवली. मागून फिटर ओरडत धावला, ‘तात्यानू, रेस करू नका, चाक जाग्यारच फिरता!’ तोपर्यंत वीसेक सेकंद गेली होती. जागेवर फिरणारं चाक रुळाला घासून तापवतं. तिथे निळसर डाग पडला आणि नखाला लागेल इतका खळगा झाला. अशा खळग्यात अडकलेलं चाक बाहेर काढायला आणखी जोर लागतो.

त्यानंतर दोन चुका झाल्या, दोन्ही चांगल्या हेतूने. कुणीतरी डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन रूळ पुसला. लगदा निघाला, पण डिझेलचा पातळ थर मागे राहिला, जो लगद्यापेक्षा बरा नाही. मग आगीसाठी ठेवलेल्या बादलीतली वाळू आणली. ती समोरच्या किनाऱ्यावरची होती: मिठाने ओल धरलेली, शिंपल्यांचा चुरा असलेली. तिचे गोळे पडले, तेही एकाच रुळावर. एका बाजूचं चाक पकडतं आणि दुसरं घसरतं, तेव्हा साखळीला आणि एक्सलला पीळ बसतो. या प्रयत्नात गाडी दोन मीटर मागे आली आणि इंजिनाच्या ब्रेकवर थांबली. डब्यांत किंकाळ्या उठल्या.

यापुढचं काम मात्र क्रमाने झालं. आधी शेवटच्या डब्याच्या चाकांना मागून लाकडी उटी (चाक अडवणारे ठोकळे), दोन्ही रुळांवर. मग चालू स्थितीतले दोन हातब्रेक आवळले. त्यानंतरच दारं उघडली, तीही फक्त सड्याच्या बाजूची, आणि माणसं एकेका डब्याने खाली उतरवून स्टेशनाकडे चालत नेली. उटी आधी, दार नंतर, या क्रमात बदल नाही. उतरायच्या गडबडीत गाडी हलली तर पायरीवरचं माणूस रुळाकडे पडतं.

रिकामी गाडी मग सावकाश चढून गेली. का गेली, ते पुढच्या हिशेबात आहे.

हिशेब

भरलेल्या गाडीचं वजन: इंजिन 4.5 टन, चार डबे 4.4 टन, 64 माणसं सरासरी 60 किलोने 3.84 टन. एकूण 12.74 टन. 1:40 च्या चढावर वजनाचा चाळिसावा भाग मागे ओढतो, म्हणजे सुमारे 320 किलो. अशा जुन्या बेअरिंगच्या गाडीला फिरतं ठेवायला टनामागे 10 किलो धरले तर आणखी 127. इंजिनाला एकूण साधारण 445 किलोचा ओढा लावावा लागतो.

इंजिन किती ओढू शकतं हे त्याच्या अश्वशक्तीवर ठरत नाही, चाक रुळाला किती धरतं त्यावर ठरतं. कोरड्या, स्वच्छ रुळावर वजनाच्या चौथ्या भागाइतकी पकड धरता येते: 4,500 किलोंचे 1,125. गरजेच्या अडीचपट. म्हणून चौदा वर्षांत कोणाला हा विचार करावा लागला नाही. चिकट रुळावर हीच पकड वजनाच्या 8 टक्क्यांवर येऊ शकते, म्हणजे 360 किलो. 445 हवे आणि 360 मिळतात; चाक फिरणारच. रेस वाढवून यातला एक किलोही वाढत नाही.

माणसं उतरल्यावर गाडी 8.9 टनांची झाली, ओढा 310 वर आला, 360 च्या आत. म्हणून ती चढली. आता तीन डबे, 48 माणसं घेऊन पाहू: 10.68 टन, 374 किलो. अजूनही बाहेर. दोन डबे, 32 माणसं: 8.62 टन, 302 किलो. रूळ अगदी वाईट असला तरी जमतं. तेव्हा दोन डबे हा आकडा कोणाच्या भित्रेपणातून आलेला नाही.

पण खरी काळजी चढाची नव्हतीच. चढावर पकड सुटली की गाडी थांबते, माणसं वैतागतात, एवढंच. याच गाडीला सुरूच्या बनातून तेवढाच उतार उतरायचा होता, आणि मेमध्ये त्या बनातल्या रुळांवर सुरूच्या बारीक काड्यांचा गालिचा असतो. त्या भरडल्या की झेंडूसारखाच थर देतात. ताशी 8 किमी वेगाने उतरणारी चार डब्यांची भरलेली गाडी फक्त इंजिनाच्या ब्रेकने कोरड्या रुळावर साडेतीन मीटरांत थांबते. पकड 8 टक्के झाली तर त्याच ब्रेकने 19 मीटर लागतात. उताराच्या पायथ्यापासून वळणाची सुरुवात 12 मीटरांवर. दोन डब्यांची गाडी ताशी 5 किमीने उतरवली तर तेवढ्याच घसरड्या रुळावर चार मीटरांच्या आत थांबते. यात ड्रायव्हरने ब्रेक दाबायला घेतलेला सेकंद धरलेला नाही. तो धरला तर 8 च्या वेगाला सव्वादोन मीटर आणखी.

माथेरानची गाडी याच गेजवर 1907 पासून 1:20 चे चढउतार करत आली, ती दर डब्यावर ब्रेकवाला बसवून, शिट्टीच्या इशाऱ्यावर हातब्रेक आवळत. 2016 च्या मे महिन्यात लागोपाठ दोनदा डबे घसरल्यावर ती थांबवली गेली आणि पुढे एअर ब्रेक आले. उतारावर ब्रेक डब्यांनाच हवेत, हे तिथे शंभर वर्षांपासून माहीत आहे. इथे दोन जाम हातब्रेक सोडवायला दीड तास पुरला: स्क्रूवर रॉकेल, तासाभराने पान्याने मागेपुढे, मग ग्रीस. जो दीड तास रविवारी दुपारी गेला तो दोन आठवडे आधी फुकट होता.

दुपारची गाडी

10 ला गाडी थांबवली, साडेबाराला पुन्हा सुटली. मधल्या वेळात चढाचे आणि उताराचे रूळ घासले. साबण नको, डिझेल नको. चुलीतली चाळलेली राख, पाणी आणि नारळाची सोडणं (काथ्याची सालं). हे साधन रेल्वेच्या पुस्तकात मिळणार नाही, पण राख तेल ओढून घेते आणि सोडणाचा काथ्या रूळ न ओरखडता थर काढतो. आठ माणसांनी, प्रत्येक रुळावर चौघे, 140 मीटरचा चढ पाऊण तासात काढला. मग स्वच्छ पाणी, मग कोरडं गोणपाट. वाळूही बदलली: नदीची, बारीक चाळणीने चाळलेली, पत्र्यावर उन्हात तासभर वाळवलेली. दोन्ही रुळांवर एकाच वेळी, इंजिनाच्या पुढच्या चाकाआधी, चिमूटभर. जास्त टाकली तर चाक वाळूवर चढतं आणि वाळू बेअरिंगमध्ये जाते. हार काढले; घंटेभोवतीचा एकच ठेवला, तारेने बांधून. फुलांसाठी स्टेशनाच्या कठड्यावर परात ठेवली.

घळीच्या वळणावरचा धोका वेगळ्या जातीचा होता. समुद्र दिसला की माणसं त्या बाजूला उठून जातात. शेवटच्या दिवशी सगळीच जातात, मोबाइल वर करून. भरलेला डबा 2,060 किलोचा, दोन्ही रुळांवर 1,030-1,030. सोळाही जण समुद्राकडच्या अंगाला, मध्यापासून अर्ध्या मीटरवर उभे राहिले तर बाहेरच्या रुळावरचं वजन 290 किलोपर्यंत उतरतं. वळणावर डब्याला वळवतो तो बाहेरच्या चाकाचा काठ. त्यावरचं वजनच गेलं तर काठ रुळाच्या अंगाला घासत वर चढू लागतो, आणि 612 मिमीवर आणलेला, खालून खाल्लेला रूळ त्याला रोखायला फारसा उत्सुक नसतो. वळण बाहेरच्या समुद्राचं असतं तर ही भीती बरीच कमी असती. तिथे माणसं जड करतात ते बाहेरचंच चाक.

‘उभे राहू नका’ अशी सूचना स्पीकरवरून देऊन भागत नाही. उपाय असा केला: उतार संपल्यावर, वळणाच्या आधीच्या सपाट 12 मीटरांत, गाडी पूर्ण थांबवायची. दोन डब्यांची गाडी तिथे इंजिनासकट बसते, हा दोन डब्यांचा आणखी एक फायदा. दीड मिनिट. हातब्रेक आवळलेले. या वेळात उभं राहा, फोटो काढा, समोरचं पाणी डोळे भरून बघा. मग गार्डने दोन्ही डब्यांतून नजर फिरवायची, सगळे बसले की हिरवा झेंडा, आणि वळण ताशी 4 किमीने. माणसाला बघायला मिळालं की ते बसतं. मिळणार नाही असं वाटलं की उठतं. पहिल्या दोन फेऱ्यांत एकदोघे उठले, नंतर कोणी नाही.

फेरीचं वेळापत्रक वीस मिनिटांचंच राहिलं. चालायला दहा, थांब्याला दीड, चढ-उतरायला पाच, आणि साडेतीन मिनिटं तपासणीला: दोन्ही कपलिंगच्या पिना, साखळीचा ताण, ब्रेक शू हाताने चाचपून (तापलेला चालेल, जळका वास नको), चढावर वाळू. साडेबारा ते साडेसहा 18 फेऱ्या, 576 माणसं.

टोकनं मात्र 1,024 उरली होती, तिसऱ्या फेरीतल्या 64 जणांची धरून. 448 जण शिल्लक राहणार हे दुपारीच दिसत होतं, आणि ते लगेच सांगितलं गेलं. रांग मोडून टोकनांच्या मागे फेरीचा नंबर लिहून दिला, म्हणजे उन्हात उभं राहायला नको. ज्यांची त्याच रात्री मुंबईची गाडी किंवा बस होती त्यांना रविवारचा नंबर, गावात राहणाऱ्यांना सोमवारचा. थोडी बाचाबाची झाली. ‘आमी गावातले म्हणून उद्या?’ असा प्रश्न एका आजोबांनी विचारला, त्यांना रविवारचीच जागा मिळाली आणि त्यांच्यामागून आणखी सहा आजोबा आले. म्हाताऱ्यांसाठी प्रत्येक फेरीत चार जागा आधीच बाजूला ठेवायला हव्या होत्या. सोमवारी 14 फेऱ्या, 448 माणसं, संध्याकाळी साडेपाचला काम संपलं. फलकावरचा ‘रविवार’ खडूने खोडून ‘सोमवार’ केला गेला.

आधीपासूनच दोन डब्यांचा हिशेब धरला असता तर 1,152 टोकनांना 36 फेऱ्या लागत होत्या: पुरे दोन दिवस, आणि वळवाचा पाऊस आलाच तर तिसरा राखीव.

आठवणीला काहीतरी

रविवारी अकराव्या फेरीच्या तपासणीत दुसऱ्या डब्याच्या कपलिंगची आर-पिन गायब होती. मुख्य पिन जागेवर, पण तिला अडवणारी ही बोटभर तारेची पिन नाही. दोन धक्के बसले की मुख्य पिन वर उचलली जाऊ शकते. पडली असेल असं वाटलं, पण खाली सापडली नाही. कुणीतरी आठवण म्हणून नेली असणार. त्याच दिवशी वळणाजवळचे दोन बोल्ट अर्धे उघडलेले मिळाले आणि इंजिनावरची नंबरप्लेट एका बाजूने सुटलेली होती. बंद होणाऱ्या गाडीचं काहीतरी घरी न्यावं असं माणसाला वाटतं, त्यात वाईट हेतू नसतो, पण पिनेचं काम ती घेणाऱ्याला माहीत नसतं.

यावरही उपाय सापडला. घंटा, नंबरप्लेट, पितळी नळ सगळं दुपारीच उतरवून कार्यालयात ठेवलं. शेडमागे काढून टाकलेल्या जुन्या क्लिपांचा ढीग होता, त्यातल्या दोनशे धुऊन, तेल लावून स्टेशनावर ठेवल्या. फेरी संपवून उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक. त्यानंतर रुळाला कोणी हात लावला नाही. आर-पिना मात्र उरलेल्या वेळात तारेने आवळून, वर लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवल्या, म्हणजे तपासणीत लांबूनच दिसतील.

शेवटच्या फेरीनंतर

सोमवारी साडेपाचला गाडी शेडमध्ये गेली. त्याच संध्याकाळी करायची कामं उद्यावर टाकली की महिनाभराने शेडमध्ये पोरं खेळताना सापडतात. टाकीतलं डिझेल काढलं, सव्वीस लिटर निघालं. बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवल्या. रेडिएटरचं पाणी खालच्या नळाने काढलं, नाहीतर पावसाळ्यात नळ्या आतून सडतात. इंजिन पुढे कुठल्या उद्यानात बघायला ठेवायचं असेल तर हा दिवस महत्त्वाचा: साखळीला ग्रीस, सिलिंडरांत प्रत्येकी दोन चमचे इंजिन ऑइल, धुराड्यावर पोतं बांधून तोंड बंद. चारही डब्यांना दोन्ही बाजूंनी उट्या, हातब्रेक आवळलेले. आता ते फिरत होते.

शेडच्या तोंडापाशी शेवटच्या सांध्याचे चार बोल्ट खोलून फिशप्लेटा काढल्या, आणि 6 मीटरचे दोन्ही रूळ पहारीने बाहेर घेऊन कुंपणाला लावून ठेवले. त्यातल्या एकाच्या माथ्यावर, चढाच्या बाजूला नसूनही, झेंडूचा तपकिरी डाग होता. राख आणि सोडण तिथपर्यंत पोचलं नव्हतं. जूनच्या चार तारखेला पहिला पाऊस झाला.